चटईखालची जागा

मातालोआ, १२ जुलै

पेसामिनो,

गावात येतोस, रोज पहाटे लोसीवालेच्या दारात डोक्यावर चटई घेऊन बसतोस, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी पाऊल टाकत नाहीस? दोन घरं अलीकडे तर राहते मी. मी काय तुला खाणार होते?

रागावले आहे असं समजू नकोस. म्हणजे रागावलेच आहे, पण त्याखाली मला इतका आनंद झाला आहे की लगेच लिहायला बसले. महिला समितीत आठवडाभर बायका कुजबुजत होत्या आणि मी आले की विणायला माना खाली घालत होत्या. शेवटी एकीला राहवेना. म्हणाली, "वाओसा, तुझ्या भावाला देव आठवला बरं का. उएलेसेच्या घरापुढे इफोगाला बसतोय." मी तिला खोटं पाडायला म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नीरफणसाच्या झाडाआड जाऊन उभी राहिले. खरंच तू बसला होतास. चटई आपलीच, आईच्या हातची. लहानपणी तू तिच्या कोपऱ्यातली लाल पिसं उपटली होतीस आणि आईनं तुझी पाठ सोलली होती. तो बोडका कोपरा लांबूनही ओळखू आला.

हे तू उएलेसेच्या मयतीलाच करायला हवं होतंस. ज्यानं अपराध केला त्यानं चटईखाली मान घालायची, ज्याचं वाईट झालं त्यानं ती आपल्या हातानं उचलायची, मग दोन्ही घरं एकत्र जेवायची. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. तू मात्र विमानात जाऊन बसलास. असो. उशिरा का होईना, बसलास.

लोसीवालेनं अजून उचललेली नाही हेही पाहिलं. धीर धर. उएलेसे नवरा होता तिचा, तो गेलाय. ऊन चढायला लागलं तसा तू उठून समुद्राकडे गेलास, मी हाक मारली ती तुला ऐकू गेली नसेल. पाठमोरी चाल काही ओळखीची वाटली नाही. ऑकलंडच्या बुटांनी चालही बदलते की काय?

कुठे उतरला आहेस? हे पत्र तुझ्या बायकोच्या नावे धाडते. ती तरी कळवील.

तुझी ताई

मातालोआ, ६ ऑगस्ट

पेसामिनो,

बायकोचं उत्तर नाही आलं, तुझं आलं. इन मिन तीन ओळी. तू ऑकलंडहून हललेलाच नाहीस, शीतगोदामात दिवसपाळीला असतोस, आणि "ताई, माझ्याशी असले खेळ खेळू नकोस."

मी खेळ खेळते? गुडघे धरून उठणारी बाई मी.

लोसीवालेनं तुझ्यावर दावा लावलाय, म्हणून वकिलानं गावातल्या कुणाशी बोलू नकोस असं बजावलंय म्हणतोस. म्हणून फोन उचलत नाहीस तर! तो वकील इथेही येऊन गेला. राजधानीहून, आपियाहून, होडीनं आला, बुटात पाणी शिरलं होतं, तरी कोट काही काढला नाही. मला कलम समजावून सांगत होता. पोलिसानं, म्हणजे तुझ्यासारख्या सार्जंटनं, आपलं काम करताना सद्भावनेनं जे केलं, ते चुकलं तरी त्याच्यावर दावा चालत नाही. कायद्यानंच त्याला पांघरूण घातलंय. "पण बाई, तुमचा भाऊ चटई घेऊन त्यांच्या दारात बसला की ती कबुली झाली. पांघरूण गेलं." मी विचारलं, एक पांघरूण घ्यायचं तर दुसरं घ्यायचं नाही असं आहे होय? त्याला ते फारसं आवडलं नाही. मग चष्मा पुसत पुसत म्हणाला, "तुम्हाला त्या शनिवारचं काही आठवतं का?" मी म्हटलं, "अजून थोडा कोको घ्या ना."

तर तू ऑकलंडला आहेस. ठीक. मग मी काय पाहिलं?

आईची चटई मी माझ्या गादीखाली जपते; वाटलं होतं, तूच कुणाकरवी काढून नेलीस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गादी उलटवून पाहिली. चटई होती तिथेच होती, घडी मोडलेली नव्हती. पण हात लावला तर दमट. नाकाशी नेली तर खारा वास. घडी उलगडली तेव्हा आतून वाळू पडली, समुद्रकाठची बारीक काळी वाळू. मी ती झाडून काढली, चटई उन्हात घातली, परत ठेवली, आणि रात्री त्याच गादीवर झोपले. म्हटलं, आता कोण नेतो बघू.

पहाटे अंगाखालची गादी किंचित खाली बसली. खालून कुणी हळूच काही काढून घ्यावं, तेवढीच. आपल्या घराला भिंती नाहीत, खांबांमधून सगळं अंगण दिसतं. अंगणात कुणी नव्हतं. मी उठून लोसीवालेच्या घराकडे पाहिलं, तर तो बसलेला होता.

उतरून गेले नाही. भीती वाटली, सांगायला लाज कसली.

ताई

मातालोआ, २२ ऑगस्ट

पेसा,

तोआइमालो काकांना विचारलं. घराण्याचे प्रमुख ते; इफोगाला आपल्या घरातून कुणी जायचं असेल तर त्यांच्याशिवाय जाऊच शकत नाही. म्हातारा काठीला टेकून समुद्राकडे बघत बसला होता.

"काका, लोसीवालेच्या दारात कोण बसतं?"

"आपल्या घरातलं कुणी नाही."

"मग चटई आपली कशी?"

"तेच तर. तू जवळ जाऊ नकोस, वाओसा. आणि चटईला हात तर मुळीच लावू नकोस. ज्याचं वाईट झालं त्यानंच उचलायची असते. तू उचललीस तर आपलं वाईट झालं असं म्हटल्यासारखं होईल. गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"पण तो आहे कोण?"

"माणूस आहे का ते आधी विचार," असं म्हणून काकांनी संध्याकाळच्या प्रार्थनेची शिट्टी व्हायच्या आधीच प्रार्थना सुरू केली. त्यांना कधी घाईनं प्रार्थना करताना पाहिलंयस तू? मी नाही.

मला जायचं नव्हतं. पण मी गेले, कारण दुसरं कुणी जाणार नव्हतं. सगळं गाव त्या वाटेनं जाताना मान वळवून जातं. पोरं शाळेला समुद्राच्या काठाकाठानं जायला लागली आहेत. कुत्री मात्र त्याच्याजवळ जाऊन शांत झोपतात, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं.

मी अगदी समोर जाऊन उभी राहिले. चटई पार जमिनीला टेकलेली. श्वासाची हालचाल होती, म्हणजे चटई वर खाली होत होती, पण इतकी सावकाश की एका श्वासात माझी अर्धी प्रार्थना म्हणून झाली असती. वारा आला आणि कडेचं एक टोक उचललं. पाय दिसला.

उजवा पाय. टाचेला चुन्यानं पडलेल्या भेगा. अंगठा चपटा, नख नसलेला.

आपली पाण्याची टाकी बांधताना त्याच्या अंगठ्यावर ठोकळा पडला होता आणि तूच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावला होतास, आठवतं? वाटेभर तो तुला म्हणत होता, "सार्जंट, मला उतरव, तुझा गणवेश रक्तानं खराब होतोय." आपण किती हसलो होतो.

उएलेसे आहे, पेसा. आपल्या चटईखाली, तुझ्या जागेवर, स्वतःच्या दारात उएलेसे बसतोय.

ताई

मातालोआ, ९ सप्टेंबर

पेसा,

तुझं पत्र मिळालं. "ताई, तुला औषधपाण्याची गरज आहे." बरं. औषध घेते आणि पुढचं लिहिते.

मी लोसीवालेकडे गेले. दिवसाढवळ्या, उकडलेले तारोचे कंद घेऊन, समोरच्या बाजूनं. मयतीनंतर पहिल्यांदा. ती चटई विणायला पान्डानसची लांब पानं खरवडत बसली होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी खांबाशी बसले.

"तुला दिसतो?" मी विचारलं.

"नवरा आहे माझा. दिसणार नाही?"

"मग उचल ना ती चटई, लोसी. मोकळं होऊ दे त्याला."

तिनं खरवडणं थांबवलं. "उचलली की तुझा भाऊ सुटला. ज्यानं काडीचं काही केलं नाही त्यानं माफी मागायची, आणि ज्यानं केलं तो तिकडे गारठ्यात मासे मोजत बसणार? चोर सोडून संन्याशाला सुळी एकदा दिली तेवढी पुरे झाली. मी दुसऱ्यांदा देणार नाही."

"पण तो का बसतो? त्याचा काय अपराध?"

ती हसली. फार दिवसांनी कुणी हसल्यावर जसा आवाज येतो तसा. "त्याला अर्धवट काम बघवायचं नाही. माहीत नाही तुला? घरजावई म्हणून गावानं जन्मभर त्याला पंगतीत मागे बसवलं, आणि हा ज्याची त्याची टाकून दिलेली कामं पुरी करत फिरायचा. कुणाची टाकी, कुणाचं कुंपण. तुमच्या स्वयंपाकघराची भिंत तरी त्याला कुणी सांगितली होती? तुमच्या काकांनी अर्धी टाकलेली दिसली म्हणून शनिवारी उठून आला." ती थांबली. "शनिवारी," असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली नाही, एवढंच सांगते.

मग तिनं बाकीचं सांगितलं, जे तुला कुणी सांगितलं नसेल. तू त्याला कोठडीतून सोडलंस त्यानंतर तो छपराखाली झोपलाच नाही. बाकीच्यांसाठी भिंती बांधून देणारा माणूस, पण भिंत दिसली की घाम फुटायचा. समुद्राच्या बांधावर झोपायचा. ती पांघरूण घेऊन जायची, तो पांघरूणही भिरकावून द्यायचा. पावसाळ्यात छातीत कफ झाला तरी आत येईना. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. तिनं दावा केला तो त्या एका शब्दाच्या रागानं केला. न्यूमोनिया म्हणे!

"आणि आता बघ," ती म्हणाली, "जिवंतपणी डोक्यावर काही सहन झालं नाही, तो मेल्यावर चटईखाली कोंडून बसलाय. तुझ्या भावापायी."

पेसा, मी तिथे बसून ढसाढसा रडले. तिनं माझे डोळे पुसले नाहीत. पण तारो ठेवून घेतला.

ताई

मातालोआ, २७ सप्टेंबर

पेसामिनो,

परवा फोनवर तू म्हणालास, आजपासून मला बहीण नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून फोन केलास तो हे सांगायला. आपल्यात भावानं बहिणीपुढे मान तुकवायची असते, बहिणीचा वाईट शब्द भावाच्या अंगाला लागतो, असं आई म्हणायची. मी शब्द काढला नाही. घाबरू नकोस, काढणारही नाही.

कोर्टात काय झालं ते तुझ्या वकिलानं त्याच्या परीनं सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

तुझा वकील छान बोलला. चर्चचं नवं सभागृह शनिवारी सकाळी जळालं. उएलेसेचा आदल्याच आठवड्यात चर्चच्या कारभारी डीकनशी शब्दाला शब्द लागला होता. गावसभा नाव मागत होती, आपियाचे वरिष्ठ फोनवर नाव मागत होते. सार्जंटला संशय आला, त्यानं पकडलं. पुढे आग वायरीमुळे लागली असं निघालं, म्हणजे सार्जंट चुकला. पण मनापासून चुकला, आणि मनापासून चुकणाऱ्यासाठीच तर कलम आहे.

मग मला बोलावलं. बायबलवर हात ठेवला. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं. त्या शनिवारी उजाडल्यापासून उएलेसे आमच्या स्वयंपाकघराची भिंत रचत होता. माझा भाऊ गणवेश चढवून त्याच्याशेजारी बसून कोको प्यायला, त्याच्या ताटातला तारो उचलून खाल्ला, आणि म्हणाला, "उएलेसे, भिंत वाकडी झाली तर आत टाकीन." दोघं हसले. तेवढ्यात चर्चची घंटा झाली आणि समोर धूर दिसला. दोघं एकत्रच आग विझवायला धावले.

तुझा वकील उठला आणि म्हणाला, बाई वयस्कर आहेत, स्मृतीचा भरवसा नाही. मी म्हटलं, "लेकरा, तू इथे आलास तेव्हा किती वाट्या कोको प्यायलास तेही सांगू का?"

निकाल लगेच आला. बाई म्हणाल्या, ज्याला खरं वाटलं आणि चुकलं, त्याला कायदा झाकतो. ज्याला खरं काय ते ठाऊक होतं, त्याला झाकायला हे कलम लिहिलेलं नाही. आणि सुट्टी होती, न्यायाधीश नव्हता, म्हणून माणूस आठवड्याच्या मधोमधपर्यंत कोंडून ठेवायची मुभाही कुठल्याच कलमात नाही.

तुला वाटत असेल मी तुझा गळा कापला. पेसा, मी त्या सोमवारी चौकीवर आले होते ना? गजांपलीकडून ओरडले होते ना, अरे तो आपल्याकडे होता म्हणून? तू म्हणालास, "ताई, मधे पडू नकोस. गावसभा थंड झाली की दोन दिवसांत सोडतो." तू दुष्ट नाहीस. तू घाबरलास. सगळे नाव मागत होते आणि ज्याच्यामागे कुणी उभं राहणार नाही असं एकच नाव तुला सापडलं. मला तुझा राग येतो आणि तुझी कीवही येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा जेवण जात नाही.

तू एक पाहिलं नाहीस ते मी पाहिलं. आगीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, पोरांचा सण. पांढऱ्या कपड्यातली पोरं पंगतीला बसलेली, मोठी माणसं वाढत होती. उएलेसे आपल्या लेकीच्या ताटात नारळाच्या दुधातली पालुसामी वाढत होता तेव्हा तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. शनिवारी मी कुठे होतो हे त्यानं सांगितलं नाही. तो नुसता तुझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, आता तू सांगशील. जीपमध्ये बसेपर्यंत तो वाट बघत होता.

निकालानंतर मला वाटलं, झालं, आता तो उठेल. दुसऱ्या दिवशी पहाटे गादी खाली बसली. तो होताच. पैसे, निकाल, शिक्का, यातलं काहीही चटई उचलू शकत नाही असं दिसतंय.

ताई

मातालोआ, १० ऑक्टोबर

पेसा,

उद्या पोरांचा सण. गावभर पांढरे कपडे वाळत घातलेत. लोसीवालेची पोर पाठांतर करते आहे, पण पंगतीला बसायचं नाही म्हणते. गेल्या वर्षीचं ताट अर्धंच वाढून झालंय, ते आधी पुरं करा म्हणते. बापाची पोर.

आज मी बसले.

काकांना विचारलं नाही. उजाडायच्या आधी, गादी खाली बसायच्या आत, मीच चटई काढली. ती या वेळी दमट नव्हती. लोसीवालेच्या अंगणात गेले, गुडघे मोडले, डोक्यावरून ओढून घेतली. आत काळोख आणि आईच्या हातांचा वास. मला वाटलं, आज तो येणार नाही, जागा भरली म्हणून.

थोड्या वेळानं चटई माझ्या डाव्या अंगाला जड झाली. ओल्या सिमेंटचा वास आला. माझ्या खांद्याला काही लागलं नाही, पण गार मात्र लागलं, टाकीत हात घातल्यावर लागतं तसं. मी डोळे मिटून बायबलमधलं येईल ते म्हणत होते.

लोसीवाले दिवा घेऊन खांबापाशी आली. तिची पावलं ऐकू आली.

"वाओसा, तुमच्या चटईखाली दोघं आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे. उचल, लोसी. मी मागते त्याच्या वतीनं. मी त्याची बहीण आहे."

"तो तर म्हणतो तू नाहीस." गाव फोनवरचंही ऐकतं बघ. मग तिनं दिवा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "तुझं काही देणं नाही माझ्याकडे. त्याचं तर नाहीच. ज्याचं आहे त्याला सांग, माझे हात दुखत नाहीत. मी उचलीन. पण त्याच्या डोक्यावरून."

ती आत गेली. परत आली आणि काहीतरी जमिनीवर ठेवलं. चटईच्या कडेखालून पाहिलं, तर कोकोचे तीन कप. एक माझा. एक त्याचा. तिसऱ्याचं मी विचारलं नाही.

मग तो सरकला. आपल्या घरी जेवायला बसायचा तेव्हा आणखी कुणी आलं की उएलेसे न सांगता सरकायचा, तसा. माझ्या आणि त्याच्या मधे जागा झाली. एका माणसाची. चटई त्या जागी खोलगट होऊन खाली लोंबली, कारण तिथे डोकं नव्हतं.

आणि तो बोलला. आवाज त्याचाच होता, फक्त कफ नव्हता.

"सार्जंट आला का?"

मी काय सांगणार होते? पोरांचा सण आहे. तो वर्षभर वाट बघतोय, जीपमध्ये बसल्यापासून.

"येतोय," मी म्हटलं. "वाटेत आहे."

तो "बरं" म्हणाला, आणि त्याचा तो सावकाश श्वास परत सुरू झाला.

पेसा, कोर्टात बायबलवर हात ठेवून मी सगळं खरं सांगितलं. आज चटईखाली मेलेल्या माणसाला खोटं सांगितलं. तेवढं खरं कर.

ताई